‘नेट नाही’ की ‘सर्व्हर डाऊन’? लेकीच्या कोर्ससाठी कर्ज काढण्याआधी



रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवला आणि दुकानदार म्हणाला, “ताई, आज होणार नाही, सर्व्हर डाऊन आहे.” हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. बँकेत पासबुक भरायला गेलं की “नेट नाही, उद्या या” हेही ऐकलंय. आपल्याला दोन्हीचा अर्थ एकच लागतो, हेलपाटा वाया गेला आणि आजची मजुरी बुडाली. पण हे दोन वेगळे बिघाड आहेत, आणि ते दुरुस्त करणारी माणसंही वेगळी असतात. एक जण रस्ता सांभाळतो, दुसरा कोठार सांभाळतो. रस्ता म्हणजे नेटवर्क आणि कोठार म्हणजे सर्व्हर.

आज हे सांगायचं कारण असं, की आपल्या गटांमध्ये मुलींच्या कॉम्प्युटर कोर्ससाठी कर्जाचे अर्ज यायला लागलेत. पूर्वी एमएससीआयटीपुरते दोन-चार हजार मागितले जायचे. आता आकडा पन्नास हजारांच्या पुढे जातो, आणि अर्जावर कोर्सचं नाव असतं सीसीएनए, रेड हॅट, ॲझ्युर असलं काहीतरी. आपण अध्यक्ष-सचिव बायका त्या नावाकडे बघतो, मुलीच्या आईकडे बघतो आणि सही करतो. मीही केलीय. त्यातली एक सही मला अजून टोचते.

२०२२ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक बी.एस्सी. झाली होती, हुशार. तालुक्याच्या गावातल्या एका क्लासने पासष्ट हजार सांगितले. नेटवर्किंग आणि सर्व्हर दोन्ही, ‘सीसीएनए प्लस एमसीएसई’, सहा महिने, नोकरीची हमी. गटातून चाळीस हजार दिले, शेकडा दोनने. उरलेल्यासाठी ताईंनी दोन शेळ्या विकल्या आणि भावाकडून हातउसने घेतले. सहा महिन्यांनी पोरीला सोनेरी कडांचं सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन ती पुण्याला मुलाखतीला गेली. तिथल्या बाईंनी कागद परत दिला आणि विचारलं, “तुझा सिस्कोचा आयडी नंबर कोणता?” पोरीला असा काही नंबर असतो हेच माहीत नव्हतं. क्लासने शिकवलं होतं, पण सीसीएनएची परीक्षा कधी दिलीच नव्हती. आणि एमसीएसई हे सर्टिफिकेट तर मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ लाच बंद केलं होतं. म्हणजे आम्ही कर्ज मंजूर केलं त्याच्या आधी सव्वा वर्ष. बंद पडलेल्या गाडीचं तिकीट आम्ही काढून दिलं.

म्हणून मी या विषयाच्या मागे लागले. जे समजलं ते इथे लिहितेय. कॉम्प्युटरमधलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण सही करण्यापुरतं आपल्या प्रत्येकीला कळायलाच हवं.

रस्ता सांभाळणारी आणि कोठार सांभाळणारी

आधी नेटवर्किंग. एका जागेवरची माहिती दुसऱ्या जागेवर नीट, लवकर आणि मधे कुणी न चोरता पोहोचवणं हे त्यातलं काम. बँकेच्या शाखेत भिंतीवर लुकलुकणारी पेटी असते, ती राउटर. त्याच्या शेजारी एकसारख्या भोकांमध्ये निळ्या-पिवळ्या तारा खोचलेला डबा असतो, तो स्विच. स्विच एकाच इमारतीतली मशीनं एकमेकांना जोडतो, आणि राउटर त्या इमारतीला बाहेरच्या जगाशी जोडतो. पाणीपुरवठ्याच्या लाइनसारखंच आहे. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, गळती कुठे आहे, वरच्या आळीला पाणी का चढत नाही, हे पाणी सोडणाऱ्याला पाठ असतं. नेटवर्कवाल्या माणसाला तारांचं तसं पाठ असावं लागतं. आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची केबल आली तीही याच कामाचा भाग. २०११ साली ही योजना वेगळ्या नावाने सुरू झाली आणि २०१५ पासून तिला भारतनेट म्हणायला लागले. केबल जेसीबीने तुटली की जो माणूस येतो, तो या जातीचा.

या अभ्यासातला एक तुकडा सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. प्रत्येक मशीनला घर नंबरसारखा एक पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. समजा २५६ पत्त्यांची एक वस्ती आहे आणि तिच्या चार सारख्या गल्ल्या करायच्यात. प्रत्येक गल्लीला आले ६४ पत्ते. पण गल्लीतला पहिला पत्ता खुद्द गल्लीच्या नावाला जातो आणि शेवटचा दवंडीला, म्हणजे ज्या पत्त्यावर हाक मारली की गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाते. म्हणजे राहायला उरले ६२. यालाच सबनेटिंग म्हणतात, आणि क्लासमधली निम्मी पोरं इथेच घाबरतात. गणित दहावीच्या वरचं नाही. २५६, १२८, ६४, ३२ असं निम्मं-निम्मं करत जायचं. मात्र ते झोपेतून उठवलं तरी यायला लागतं, आणि त्याला रोजचा सराव हवा.

आता सर्व्हर. सर्व्हर म्हणजे काही अजब यंत्र नाही. तोही कॉम्प्युटरच, फक्त दणकट. दिवसरात्र चालू राहणारा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरांची कामं करणारा. आपल्या गटाचं कपाट आठवा. त्यात इतिवृत्ताची वही, कर्जखातं, सगळ्यांची पासबुकं असतात. कुलपाची किल्ली कुणाकडे, वही कोण वाचू शकतं, कोण त्यात लिहू शकतं आणि कोण खाडाखोड करू शकतं, हे ठरलेलं असतं. दुसरी प्रत अध्यक्षांच्या घरी असते, म्हणजे कपाट जळालं तरी हिशेब राहतो. सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती हेच करते. वापरणाऱ्यांची खाती उघडणं, कुणाला किती परवानगी ते ठरवणं, जागा भरत आली का बघणं, रोजचा बॅकअप घेणं, नवीन दुरुस्त्या चढवणं. आणि रात्री दोन वाजता काही पडलं, तर ते का पडलं हे नोंदी वाचून शोधणं. यातलं बरंचसं काम पडद्यावर अक्षरं टाइप करून होतं, माऊस फारसा लागत नाही.

म्हणून स्वभावाचा विचार करा. माझ्या पुतणीला तारा, डबे, दिवे, कुठून कुठे काय जातं याचा नाद. घरातला वायफाय तिनेच तीनदा उचकटला. वर सांगितलेल्या ताईंच्या लेकीला तारांचा कंटाळा, पण पडद्यासमोर बसून एक चूक शोधायला दोन तास लागले तरी तिचं डोकं फिरत नाही. दोघींना एकच कोर्स कसा चालेल?

कोणती सर्टिफिकेटं आणि ती देतं कोण

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. या सर्टिफिकेटांचा मालक क्लास नसतो. ज्या कंपनीचं यंत्र किंवा सॉफ्टवेअर असतं, तीच परीक्षा घेते आणि तीच सर्टिफिकेट देते. क्लास फक्त शिकवणी घेतो. दहावीची शिकवणी लावली म्हणून बोर्डाचं सर्टिफिकेट मिळत नाही, तसंच हे.

नेटवर्किंगमध्ये सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव सीसीएनए, सिस्को कंपनीचं. २०२० च्या फेब्रुवारीपासून त्याची एकच परीक्षा आहे आणि तिचा क्रमांक २००-३०१. आधी त्याच्या वेगवेगळ्या शाखा होत्या, त्या तेव्हाच एकत्र केल्या. परीक्षा १२० मिनिटांची. पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही. फी ३०० डॉलर आणि वर कर. डॉलर ८५ रुपये धरला तर २५,५०० होतात, कर त्याच्यावर. नापास झालं तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा पूर्ण. पास झालं की सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. बसण्यासाठी पदवीची अट नाही.

सर्व्हरच्या बाजूला दोन वाटा आहेत. एक मायक्रोसॉफ्टची. तिथे जुनी एमसीएसए, एमसीएसई गेली आणि त्यांच्या जागी कामाप्रमाणे वेगवेगळी सर्टिफिकेटं आली. त्यातलं ॲझ्युर ॲडमिनिस्ट्रेटर, परीक्षा क्रमांक एझेड-१०४, हे क्लाउडसाठी. विंडोज सर्व्हरचं काम शिकायचं असेल तर एझेड-८०० आणि एझेड-८०१ अशा दोन परीक्षा असतात. क्लाउड म्हणजे ढगात काही नसतं. दुसऱ्याच्या इमारतीतला सर्व्हर भाड्याने घ्यायचा, इतकंच. मायक्रोसॉफ्टचं असं एक केंद्र २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे. त्यांची सर्टिफिकेटं एकच वर्ष टिकतात, पण नूतनीकरणाची छोटी परीक्षा घरबसल्या असते आणि ती फुकट असते. मूळ परीक्षेची फीसुद्धा भारतात सिस्कोपेक्षा बरीच कमी आहे.

दुसरी वाट लिनक्सची. लिनक्स १९९१ साली फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरव्हाल्ड्सने सुरू केलं. आज जगातले बहुतेक वेबसाइटींचे सर्व्हर त्याच्यावर चालतात. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. यातलं नावाजलेलं सर्टिफिकेट रेड हॅट कंपनीचं आरएचसीएसए, परीक्षा क्रमांक ईएक्स२००. ही परीक्षा मला फार आवडली, कारण तिच्यात ‘अ, ब, क, ड पैकी एक निवडा’ असलं काही नाही. समोर खरं मशीन देतात आणि सांगतात, ही कामं करून दाखव. इंटरनेट मिळत नाही. ३०० पैकी २१० गुण लागतात. आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही तुम्ही केलेलं काम टिकलेलं असलं पाहिजे, नाहीतर गुण नाहीत. स्वयंपाकाच्या परीक्षेत कृती पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा भाकरी थापून दाखवायला लावल्यासारखं. तीन वर्षं टिकतं.

कॉम्पटिया नावाच्या संस्थेचीही ए प्लस, नेटवर्क प्लस, सर्व्हर प्लस अशी सर्टिफिकेटं आहेत. वाईट नाहीत. पण आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातींत मला सीसीएनए आणि लिनक्स हेच शब्द जास्त दिसतात, म्हणून तिकडे फार शिरत नाही.

या सगळ्या परीक्षा आपल्याकडे इंग्रजीतच द्याव्या लागतात, मराठीत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं. पण ते इंग्रजी कथा-कवितेचं नसतं. ठरावीक दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. बारावी झालेली मुलगी तीन-चार महिन्यांत त्यात रुळते. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम आहे, त्यात लिनक्स आणि इतर कितीतरी गोष्टींचे धडे मराठी आवाजात मिळतात, फुकट. इंग्रजीची भीती असलेल्या मुलीने सुरुवात तिथून करावी.

मग निवडायचं कोणतं?

माझं मत स्पष्ट आहे. अभ्यासाची सुरुवात नेटवर्किंगने करावी, मग पुढे काहीही करायचं असो. सर्व्हर कितीही भारी असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता कळला नाही, तर ‘सर्व्हर डाऊन’ की ‘नेट नाही’ हेच ओळखता येत नाही. पहिल्या नोकरीत निम्मा वेळ नेमकं हेच ओळखण्यात जातो. पण नेटवर्किंग शिकायचं म्हणजे लगेच सीसीएनएची फी भरायची असं नाही. शिकणं वेगळं आणि परीक्षा वेगळी.

शिकणं फुकट होतं. सिस्कोची स्वतःची नेटवर्किंग अकादमी आहे, तिच्यातले सुरुवातीचे कोर्स इंटरनेटवर पैसे न देता करता येतात. तिथूनच पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर मिळतं. त्यात पडद्यावर खोटे राउटर, खोटे स्विच मांडायचे, तारा जोडायच्या आणि खऱ्यासारखं चालवून बघायचं. भातुकलीच म्हणा, पण सीसीएनएचा बराचसा सराव त्यावर होतो. लिनक्सचं तर काय, तेच मुळात फुकट. आल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स ही रेड हॅटच्या जवळजवळ जुळी भावंडं आहेत, ती जुन्या कॉम्प्युटरवरही बसवता येतात. मायक्रोसॉफ्टचे धडेही त्यांच्या ‘लर्न’ या साइटवर मोफत आहेत. म्हणजे खर्च कशाचा? एका बऱ्या कॉम्प्युटरचा, त्यात आठ जीबी रॅम हवी, आणि इंटरनेटचा. मोबाइलवर व्हिडिओ बघता येतील, पण हात बसणार नाही. आमच्या ताईंनी शेवटी जुना वापरलेला कॉम्प्युटर अठरा हजारांना घेतला. क्लासच्या पासष्ट हजारांपेक्षा तोच जास्त कामाला आला असं त्या स्वतः म्हणतात.

तीन महिने असं घरी करून बघा. पहिला दीड महिना नेटवर्किंगच्या पायाभूत गोष्टी, मग दीड महिना लिनक्स. तीन महिन्यांनी मुलीला विचारा, कशात वेळ गेलेला कळला नाही? उत्तर तिथेच मिळतं. आणि तीन महिने रोज दोन तास बसणं जिला जमलं नाही, तिला पासष्ट हजारांचा क्लास लावूनही ते जमणार नाही. हे कडू आहे, पण कर्ज फेडताना जे कडू लागतं त्यापेक्षा बरं.

दोन्ही सर्टिफिकेटं एकदम घेण्याच्या भानगडीत पडू नका. ‘कॉम्बो’ म्हणून विकतात तेव्हा स्वस्त वाटतं, पण पोरीचं ना धड हे होतं ना धड ते. शिवाय सर्टिफिकेटाला मुदत असते. एका परीक्षेच्या जोरावर नोकरी लागली, तर दुसरीची फी पगारातून निघते. काही कंपन्या स्वतःच भरतात.

आता कामाच्या जागेबद्दल, कारण आई म्हणून आपला खरा प्रश्न तो असतो. नेटवर्किंगची पहिली नोकरी पुष्कळदा ‘फील्ड’ची असते. आज या शाखेत, उद्या त्या टॉवरपाशी, पाठीला बॅग आणि बुडाखाली मोटारसायकल. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी मुलांनाच घेतात. ते योग्य नाही, पण तसं चालतं. दुसरा प्रकार नियंत्रण कक्षाचा. तिथे एका जागी बसून शेकडो ठिकाणची लाइन चालू आहे की नाही ते बघायचं. मुलींना तिथे जास्त वाव मिळतो, मात्र पाळ्या असतात, रात्रपाळीही असते. सर्व्हरच्या कामात प्रवास कमी, पण मोठ्या दुरुस्त्या लोक झोपलेले असतात तेव्हाच करतात, म्हणजे रात्र तिथेही चुकत नाही. देशातली सगळ्यात जास्त डेटा सेंटरं मुंबई-नवी मुंबईत आहेत. ऐरोली, रबाळे, महापे ही नावं मुलींच्या तोंडून ऐकायला येतील. ती इमारत म्हणजे सर्व्हरांचं गोदामच, चोवीस तास जागं.

रात्रपाळी म्हटलं की घरात नकार येतो. म्हणून कायदा माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे, २०१७ चा आहे तो, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षेची आणि घरापर्यंत सोडायच्या वाहनाची सोय मालकाने करायची असते. मुलाखतीत हे विचारायला लाजू नये. उत्तर देताना जो चाचरतो तिथे जाऊ नये.

आणखी एक. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. अर्जांच्या ढिगातून मुलीचा कागद वर येतो, एवढंच. पदवी किंवा डिप्लोमा असेल तर दार आणखी थोडं उघडतं. आयटीआयचा कोपा किंवा आयसीटीएसएम ट्रेड झालेल्या मुलींनाही ही वाट बंद नाही, पण त्यांना सुरुवात खालच्या पायरीवरून करावी लागते. पहिला पगार पुण्या-मुंबईच्या खोलीभाड्यात आणि डब्यात बराच जातो. म्हणून कर्जाचा हप्ता ‘नोकरी लागली की फेडू’ या हिशेबावर कधीच बसवू नका. घरात आज जे उत्पन्न आहे त्यातून हप्ता जाईल का, ते बघा. चाळीस हजारांवर शेकडा दोनने महिन्याला आठशे रुपये नुसतं व्याज होतं. मुलगी सहा महिने शिकते आणि सहा महिने नोकरी शोधते असं धरलं, तर मुद्दल न फेडता वर्षात ९,६०० रुपये व्याजात गेले.

फी भरण्याआधी क्लासला विचारायचं

मुलीबरोबर स्वतः जा. दोघी-तिघी गेलात तर आणखी बरं. पहिला प्रश्न हा, की परीक्षा कोण घेणार आणि तिचा क्रमांक काय? क्रमांक सांगता आला नाही तर तिथूनच परत फिरा. सांगितला तर कागदावर लिहून घ्या आणि त्या कंपनीच्या साइटवर ती परीक्षा आजही चालू आहे का ते बघा. आमच्या ताईंच्या वेळी मी एवढं केलं असतं, तर पाच मिनिटांत कळलं असतं.

परीक्षेची फी क्लासच्या फीत धरली आहे का? बहुतेक वेळा नसते, आणि ते शेवटी सांगतात. मुली-मुलांना हाताळायला मशीनं किती? मागच्या वर्षी कोण पास झालं, त्यांचा ऑनलाइन बॅज दाखवा म्हणावं. खऱ्या सर्टिफिकेटाला नंबर असतो आणि तो कुणालाही तपासता येतो. तपासता न येणारं सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं.

‘नोकरीची हमी’ लिहिलेली असेल तर ती पावतीवर लिहून मागा. बघा काय होतं.

काही क्लास हळूच सांगतात की आमच्याकडे ‘डम्प’ आहेत. म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न आणि उत्तरं. त्या वाटेला मुलीला जाऊ देऊ नका. पकडलं तर कंपनी सर्टिफिकेट रद्द करते आणि पुन्हा बसायला बंदीही घालू शकते. आणि पकडलं नाही तरी मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. रेड हॅटच्या परीक्षेत तर हात चालवल्याशिवाय सुटकाच नाही, म्हणून मला ती परीक्षा सावकार म्हणून विश्वासाची वाटते. शेवटी पैसे आपल्या गटाचे आहेत.

नावाची एक भानगड फक्त आपल्या बायकांनाच नडते. परीक्षेला बसताना ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव तंतोतंत जुळावं लागतं. मुलीचं लग्न ठरलं असेल, आधारवर माहेरचं नाव आणि बाकी कागदांवर सासरचं, किंवा वडिलांचं नाव मधे एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर केंद्राच्या दारातून परत पाठवतात, आणि फी जाते. सर्टिफिकेटही मग एकाच नावावर राहतं. परीक्षा लग्नाआधी व्हायची असेल तर सगळे कागद माहेरच्या नावाचे ठेवा. नाव बदलायचं ते नंतर. आणि सर्टिफिकेट घेऊन लगेच दोन-तीन वर्षं घरी बसावं लागणार असेल, तर परीक्षा पुढे ढकला. मुदत कुणासाठी थांबत नाही. सासरच्या मंडळींशी हे बोलणं बैठकीतच झालेलं चांगलं.

मोफत प्रशिक्षणाचीही चौकशी करा. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ पासून चालू आहे. वय १५ ते ३५, बायकांना ४५ पर्यंत सूट. कोणते कोर्स आपल्या जिल्ह्यात आहेत ते दर वेळी बदलतं, पंचायत समितीतल्या उमेद कक्षात विचारावं लागतं. तिथे सीसीएनए मिळेलच असं नाही, पण कॉम्प्युटर दुरुस्तीचं, केबल जोडणीचं पायाभूत शिक्षण मिळालं तरी पुढची वाट सोपी होते.

त्या ताईंच्या लेकीचं विचाराल, तर तिने पुढचं वर्ष गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रात काम केलं आणि रात्री जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स शिकली. आरएचसीएसएला पहिल्यांदा नापास झाली. मशीन पुन्हा सुरू केल्यावर तिचं अर्धं काम पुसलं गेलं होतं. दुसऱ्यांदा पास झाली. फी तिने स्वतःच्या पगारातून भरली, गटाकडे मागितली नाही. आता ती नवी मुंबईत आहे आणि आमचं कर्ज गेल्या दिवाळीत फिटलं. मागच्या महिन्यात सुट्टीला आली तेव्हा रेशन दुकानात पुन्हा तेच, सर्व्हर डाऊन. तिने दुकानदाराचा फोन हातात घेतला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, “काका, सर्व्हर चालू आहे. तुमच्या मशीनच्या सिमलाच रेंज नाही, जरा दारात आणा.” दारात आणलं. अंगठा लागला.

प्रभागसंघाच्या कार्यालयात एक कॉम्प्युटर मोकळा आहे. शनिवारी अकरा ते चार या वेळात तुमच्या मुलीला त्यावर पॅकेट ट्रेसर किंवा लिनक्स करून बघता येईल. येताना आधार आणि दहावीची गुणपत्रिका आणा, दोन्हीवरचं नाव जुळतंय का ते आधी बघू. क्लासने दिलेलं माहितीपत्रक असेल तर तेही आणा. कर्जाचा अर्ज मात्र त्या दिवशी आणू नका.